नाव चालवायचं कोणी

बाबांचं नाव पुढे चाललं पाहिजे, यावर तेरवीच्या पंगतीतच सगळ्यांचं एकमत झालं. ते आपल्या पोराला चालणार नाही, यावरही झालं. फक्त ते कोणी मोठ्याने बोललं नाही. वाढपी दुसऱ्यांदा बुंदी घेऊन फिरत होता आणि आमच्या टिमकी मोहल्ल्यातली जुनी माणसं ‘भैयाजीसारखा माणूस पुन्हा होणे नाही’ असं एकमेकांना सांगत होती. माझा भाऊ वैभव याने सकाळीच मोबाइलवर बाबांचा हार घातलेला फोटो टाकून खाली लिहिलं होतं की तुमचं नाव आमच्या रूपाने अमर राहील. मग कोणीतरी त्याच्या बायकोकडे पाहिलं. मयुरा सातव्या महिन्यात होती, पंख्याखालच्या खुर्चीवर बसली होती. एकाने पाहिलं म्हणून दुसऱ्याने पाहिलं, आणि बघता बघता अख्खी पंगत हातातला घास थांबवून तिच्या पोटाकडे पाहू लागली. तिने पदर ओढून घेतला.

त्या दिवसापासून आमचा चुलतभाऊ भूपेश सांगत फिरला की काका परत येणार आहेत. दोन महिन्यांनी मुलगा झाला तेव्हा त्याने वैभवच्याही आधी पेढे वाटले.

बारसं सव्वा महिन्यानंतरच्या रविवारी ठरलं, नागपुरात, आमच्या टिमकीच्या घरी. आमच्याकडे नाव आत्या ठेवते. बापाने ठरवलेलं असो, आजीने असो की पंचांगाने, बाळाच्या कानात ते सांगायचं काम आत्याचं. तिने कानात सांगितलं ते नाव, मग त्यात बदल नाही. ती सांगत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. यामागचं शास्त्र कोणालाच माहीत नाही. माझं मत असं की एवढा अधिकार एका बाईच्या हातात दोन मिनिटांसाठी का होईना दिल्यावर तिला जमिनीवर ठेवायला काहीतरी लागतंच.

या बाळाची आत्या एकच, मी. वय त्रेचाळीस, लग्न नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. एरवी या घरात माझं मत विचारलं जातं ते गाड्यांच्या वेळांबद्दल आणि गॅसच्या नंबराबद्दल. त्या आठवड्यात मात्र मला इतके फोन आले की मी मोबाइल उलटा ठेवायला लागले. काजल, म्हणजे भूपेशची बायको, तिने तर वर्षभरात पहिल्यांदा माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

मी कोणालाच काही कबूल केलं नाही. करायची गरज नव्हती. मला बाबांचंच नाव ठेवायचं होतं.

त्या नावाची गोष्ट मला पाठ होती. माझे आजोबा उकंडा. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली, म्हणून हे चौथं झालं तेव्हा पणजीने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने उचलून आणलं, आणि नाव ठेवलं उकंडा. उकिरड्यावरची वस्तू मरण कशाला उचलेल. मरणाने खरंच एकाहत्तर वर्षं उचलली नाही, पण तेवढीच वर्षं ते नावही सुटलं नाही. आजोबा मागावर लुगडी विणायचे आणि इतवारीत शेठच्या गादीवर नेऊन द्यायचे. शेठ म्हणायचा, ए उकंड्या, काठ सैल आला. आजोबा म्हणायचे, जी. ए उकंड्या, पुढच्या मंगळवारी चार आण. जी. म्हणून आजोबांनी स्वतःच्या मुलाचं नाव ठेवलं भैयाजी. आता शेठ असो की साहेब, या पोराला हाक मारायची तर जी म्हणावंच लागेल.

बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी ‘जी’पाशी थांबायचे आणि मी हसायची वाट पाहायचे. महापालिकेच्या शाळेत ते कारकून होते. पोरांची नावं नोंदायचं दाखल-खारीज रजिस्टर त्यांच्या हातात तीस वर्षं. नुसतं नाव सांगा, जन्मसाल सांगतो, अशी त्यांची पैज असायची. उकंडा, झिंगरू, दगडू हे स्वातंत्र्याच्या आधीचे. मग देवादिकांची रांग, मग राजेश-मुकेश, मग एकाएकी सगळेच हर्षित. ‘पोरं तीच येऊन राहिली,’ ते म्हणायचे, ‘झगे बदलून.’

आडनावाबद्दल मात्र ते गंभीर होते. आम्ही मौंदेकर, म्हणजे मौद्याचे. मौद्यात आमची वीतभर जमीन नाही, भिंत नाही, कोणी ओळखीचं नाही. मी अकरावीत असताना बाबांनी आम्हा दोघांना एसटीत बसवून ‘आपलं गाव’ दाखवायला नेलं होतं. दोन तास आम्ही उन्हात आपलं गाव शोधलं. मागच्या वर्षी हट्टाने पुन्हा एकटेच जाऊन आले. चहाच्या टपरीवर त्यांनी छाती काढून सांगितलं की आम्ही मौंदेकर. टपरीवाल्याने विचारलं, ‘पावर प्लांटमध्ये लागले का काका?’

*

वैभव शुक्रवारी पुण्याहून आला. त्याच्या मनात काय होतं ते मला अंदाजाने सांगावं लागत नाही. आमच्या घरातल्या भिंती अर्ध्या विटेच्या आहेत आणि तो फोनवर मोठ्याने बोलतो. ताई वाचणारी आहे, तिला लॉजिक पटतं, असं तो त्याच्या मित्राला सांगत होता. मग लॉजिक घेऊन तो गच्चीवर आला. मी बाळाची दुपटी वाळत घालत होते.

त्याने नाव ठरवलं होतं, रियान. अर्थ छोटा राजा, संस्कृत. मी तीन कोश पाहिले होते, त्यात नव्हतं. एक ॲप ते संस्कृत म्हणत होतं, दुसरं आयरिश, तिसरं अरबी. मी म्हटलं, तीन देशांनी सोडून दिलेलं पोर आपण का घेतोय. त्याला ते विनोदी वाटलं नाही. तो पुण्यात राहायला गेल्यापासून शुद्ध बोलतो, आणि समजावताना जास्तच शुद्ध.

“ताई, पुण्यात भैयाजी म्हणजे काय, तुला कल्पना आहे का? गेटवरचा वॉचमन भैया, इस्त्रीवाला भैया, पाणीपुरीवाला भैया. मुलगा खाली खेळत असेल, मी गॅलरीतून हाक मारली, तर चार जण वर बघतील.”

“तू त्यांना जी लावतोस?”

त्याने दोरीवरचं एक दुपटं उगाच सरळ केलं. मग म्हणाला, विषय तो नाही. विषय काय आहे ते त्याने पुढची पंधरा मिनिटं सांगितलं. शाळेच्या मुलाखती, परदेश, पासपोर्ट, मुलांचं एकमेकांना चिडवणं. त्यात एक वाक्य खरं होतं. कॉलेजात असताना मित्रांनी त्याच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव वाचलं होतं आणि तीन वर्षं त्याला ‘ए भैयाजीके’ म्हणून हाक मारली होती. बाबा एकदा होस्टेलवर डबा घेऊन गेले तेव्हा मुलांनी खिडकीतून हाका मारल्या, भैयाजी आया, भैयाजी आया. बाबांना वाटलं पोरं मान देताहेत. त्यांनी खालून हात जोडले.

हे मला माहीत नव्हतं. मी पुढचं दुपटं पिळायला घेतलं.

“मी तेव्हा खाली गेलोच नाही,” वैभव म्हणाला. “रूममेटच्या हाती डबा मागवला.” आणि मग, पुणं एकदम गळून पडून, “तू मले त्या नावाचं सांगू नको वं ताई.”

पण लगेच त्याने मोबाइल काढला आणि रियान नावाचे कोणकोणते लोक जगात काय काय झालेत ते दाखवायला लागला, त्यामुळे मला त्याची कीव फार वेळ करावी लागली नाही.

मयुराला कोणी विचारलं नव्हतं. ती कन्हानची, वडील कोळशाच्या खाणीत होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितात, तेव्हा वैभवने लिहिलं होतं ‘वैभवी’. फोटोग्राफरने टाळ्या वाजवल्या. मयुराने ते नाव ताटातच ठेवलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले. त्या संध्याकाळी बाळाला पाजताना ती मला म्हणाली की तिला काहीही चालेल, फक्त सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला रागावायचं कसं, तेवढं सांगा. अहो भैयाजी, भिंतीवर रेघोट्या ओढू नका? मी हसले. ती सव्वा महिना त्याला चिकू म्हणत होती आणि तो त्यात सुखी होता.

*

भूपेश शनिवारी सकाळी आला तो काखेत मोठं खोकं घेऊन, आणि सरळ माझ्या खोलीत शिरला. सीताबर्डीत त्याचं तयार कपड्यांचं दुकान आहे. शेजारच्याच सजावटवाल्याला वैभवने पुण्याहून फोनवर ऑर्डर दिली होती. सजावटवाल्याने विश्वासाने माल भूपेशच्या हाती दिला, आणि भूपेशने विश्वासाने उघडून पाहिला. थर्माकोलची पाच इंग्रजी अक्षरं, सोनेरी. आर, आय, ए, ए, एन.

“पाह्य ताई. कान बाकी आहे फुंकाचा, आन् यानं नाव कापून आनलं.”

त्याला खरंच राग आला होता. भूपेशचं असं आहे की त्याला प्रत्येक गोष्टीचा खरंच राग येतो आणि तो नेहमी सोयीच्या जागी येतो. महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात तीन वर्षांपासून होतं. वॉर्डातल्या अर्ध्या लोकांचे दाखले बाबांनी लिहिले होते, त्यांच्या नावाला लोक मानत होते. त्याने गल्लीच्या तोंडावर आदल्याच दिवशी फ्लेक्स लावला होता. डावीकडे बाबा, उजवीकडे हात जोडलेला भूपेश, मध्ये इंटरनेटवरून घेतलेलं निळ्या डोळ्यांचं बाळ. खाली मजकूर, ‘चि. भैयाजी यांच्या नामकरणानिमित्त हार्दिक शुभेच्छा’. म्हणजे नाव त्यानेही कापूनच आणलं होतं, फक्त त्याचं गल्लीबाहेर लागलं होतं.

मी त्याला नऊ वर्षांपूर्वीची आठवण दिली. त्याच्या मुलाच्या बारशाला शोभाआत्या म्हणाली होती की माझ्या बापाचं नाव ठेवा, उकंडराव. भूपेशने जागच्या जागी हर्षित ठेवलं होतं.

“तो मॅटर वेगळा होता,” भूपेश म्हणाला. “उकंडराव म्हनजे... शाळेत मारतील ना वं त्याले.”

“आणि भैयाजीला?”

“पुण्यात मारतील. इथं नाही मारनार.”

त्याने मला विचारलं, तू कोणाकडून आहेस. मी म्हटलं, बाबांकडून. त्याने ते स्वतःकडून असं धरलं आणि खुशीत गेला. जाताना खोकं माझ्या पलंगाखाली सरकवलं. दुपारी वैभवने ते शोधून काढून समोरच्या खोलीत पडद्यामागे लावलं. घरातला प्रत्येक जण त्या पडद्याला वळसा घालून जात होता आणि प्रत्येकाने मागून वाचून घेतलं होतं.

*

शोभाआत्या रविवारी सकाळच्या गाडीने उमरेडहून आली. बाबांची मोठी बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची; माझं आणि वैभवचं नाव तिनेच ठेवलं. माझं भारती का, तर त्या वर्षी तिच्याकडे जी शिलाई मशीन आली तिच्यावर ते लिहिलं होतं. ती हे अभिमानाने सांगते.

आली तशी तिने फ्लेक्स वाचला, पडद्यामागे डोकावली, आणि जेवायला बसल्यावर विचारलं की कोनाचं काय ठरलं. त्यावर जे सुरू झालं ते भात संपेपर्यंत चाललं. भूपेश म्हणाला की काकूची इच्छा आहे, काकांचं नाव घरात राहावं. वैभव म्हणाला की आईलाच त्रास होईल, रोज जखम उघडेल. भूपेश म्हणाला, आई कोणाजवळ राहते, टिमकीत की पुण्यात, हे पाहून बोल. वैभव म्हणाला, रक्ताचा मुलगा कोण हेही पाहून बोल. काजलने ताट बाजूला सारलं. आई, जिची इच्छा आणि जखम हे दोघं मिळून वाटून घेत होते, ती आतून गरम पोळ्या आणून वाढत होती. कोणी तिला थांबवून विचारलं नाही. मीही नाही. मला तिचं उत्तर माहीत आहे अशी माझी खात्री होती.

मी त्याऐवजी गोष्ट सांगितली. सगळ्यांना ती अर्धीमुर्धी ठाऊक होती, मी पूर्ण सांगितली. शेठची गादी, सैल काठ, ए उकंड्या, जी. आजोबांनी आपल्या पोराच्या नावातच सगळ्या गावाला जी म्हणायला लावलं, आणि आपण आता ते नाव वॉचमनला घाबरून टाकून देतो आहोत. मी आवाज चढवला नाही. ग्रंथालयात राहून ती सवय झाली आहे, आणि खाली ठेवलेला आवाज जास्त लागतो हेही मला माहीत आहे. वैभवने मान खाली घातली. भूपेशने टेबलावर थाप मारली.

शोभाआत्या हसायला लागली. कवळी सांभाळत, तोंडावर पदर धरून हसली.

“कायचं जी वं बाई. शेठ त्याले जी म्हननार होता? भैया, पानी आन. भैया, गठ्ठा उचल. शाळेतला मास्तर म्हने भैया, साहेब म्हने भैया. एकानंही जी नाही लावलं त्याले जन्मभर.”

मी म्हटलं, बाबा तर सांगायचे.

“सांगन नाही तं काय करन. पोरीसमोर.” तिने पाणी प्यायलं. मग तिचं हसू गेलं. “एकच मानूस म्हने. आमचा बाप. मागावर बसल्या बसल्या हाक मारे, भैयाजी, जेवाले या. पाच वर्साचा होता भैया, नाक वाहे. त्याले म्हने, या, बसा. आमाले हसू ये. बाप नाही हसे.”

ज्या खोलीत आम्ही जेवत होतो तिथेच ते माग होते. विणताना पाय सोडायचे खड्डे बुजवून फरशी घातली आहे, पण एका ठिकाणी ती अजून खोल वाजते, आणि आईची पोळी घेऊन येतानाची पावलं तिथे तशी वाजली.

माझी गोष्ट माझ्याच पंगतीत खोटी ठरली होती. बाबांनी मला फसवलं होतं, आणि तेही किती साध्या गोष्टीसाठी. पण त्यानंतर मला ते नाव आधीपेक्षा जास्त हवं झालं. जगाने जी न लावलेलं, एका विणकराने आपल्या शेंबड्या पोराला लावलेलं. आता वैभव काही म्हणो. कानात तर मीच सांगणार होते.

*

चार वाजता बायका जमायला लागल्या. पाळणा समोरच्या खोलीत, झेंडूच्या माळा, मोबाइलवर पाळण्याची गाणी. आई स्वयंपाकघरात होती. ती पाळण्याजवळ येणार नव्हती. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं. शोभाआत्या स्वतः वीस वर्षं विधवा आहे आणि पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती, पण ती म्हातारी झाली म्हणजे आपोआप शुद्ध झाली असा एक नियम असावा. आईला अजून काही वर्षं थांबावं लागेल.

मी घुगऱ्यांचं पातेलं न्यायला आत गेले. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. झारा हलत होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं स्तोत्र असेल. जवळ गेल्यावर कळलं.

“रियान. रियान. ए रियान. रियान बाळा.”

शाळेतलं पोर पाढा म्हणतं तसं. मला पाहून ती थांबली नाही, उलट विचारलं, बराबर म्हनून राहिली ना मी? पडद्यामागची अक्षरं तिला वाचता आली नव्हती, मयुराकडून वाचून घेतली होती.

मी म्हटलं, “आई, मी बाबांचं नाव ठेवणार आहे.”

तिने गॅस बारीक केला.

“काहून?”

सकाळपासून किती कारणं माझ्याजवळ तयार होती. ओट्यापाशी त्यातलं एकही नीट बाहेर येईना. मी म्हटलं, तुला नको आहे का.

आई हळू बोलते. शेचाळीस वर्षं तिने बाबांना नावाने हाक मारली नाही. तिच्या पिढीत कोणीच मारत नाही. वैभवचे बाबा, नाहीतर अहो. उखाण्यात घेतलं असेल दोन-चारदा, तेही लाजून. हे मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

“त्या दिवशी दवाखान्यात,” ती म्हणाली, “डाक्टरीन आली. मले म्हने, काकू, नाव घेऊन हाक मारा. जोरानं मारा. ओळखीच्या आवाजानं कधी कधी डोये उघडतात. तू खाली होती, फारम भरून राहिली होती.”

मी खाली होते. खिडकीशी उभी राहून मोठ्या अक्षरांत लिहीत होते, भैयाजी उकंडराव मौंदेकर. आतली मुलगी म्हणाली होती, जरा लहान लिहा, चौकटीत बसत नाही.

“मी म्हनलं, अहो. तिनं म्हनलं, नावानं, काकू. मी पुन्हा म्हनलं, अहो. जोरानं म्हनलं. तं शेजारच्या खाटीवरचा म्हातारा मानूस वयला माह्याकडे. म्हने, काय बाई?”

तिने झारा पातेल्याच्या काठावर ठेवला.

“नाही निंगालं वं तोंडातून. येवढं एक नाव. मले येत होतं. आत म्हनत होती मी. बाहीर नाही आलं. आन् मंग ते गेले.”

समोरच्या खोलीतून काजलची हाक आली, आत्याबाई कुठे गेल्या, मुहूर्त टळून राहिला. मी उभीच राहिले.

“आता त्या पोराले तेच नाव ठेवशीन,” आई म्हणाली, “तं त्यालेही मी अहो म्हनू का?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने ते खरोखरच विचारलं होतं, जसं घुगऱ्यांत मीठ पुरे का विचारावं. मी पातेलं उचललं. ते गरम होतं, मला फडकं घ्यायचं सुचलं नाही.

*

बाळाला पाळण्यात घातलं तेव्हा खोलीत दोन पक्ष समोरासमोर उभे होते. वैभव पडद्याची दोरी हातात घेऊन, चेहरा पडलेला. जेवणानंतर त्याने हार मानली होती आणि आता फक्त हसं होऊ नये एवढीच त्याची इच्छा होती. भूपेश मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होता, त्याला ते वॉर्डाच्या ग्रुपवर थेट दाखवायचं होतं. मयुरा पाळण्याच्या डोक्याशी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भुवया जरा वर केल्या; तिला अजूनही कोणी विचारलं नव्हतं.

मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा आणि पावडरचा वास होता. पहिला धपाटा शोभाआत्याचा पडला, अठ्ठ्याहत्तरीच्या मानाने चांगलाच जोराचा. मग काजलचा, मग गल्लीतल्या सगळ्या बायकांचे. पाठीत धपाटे पडत असताना डोळ्यांत पाणी आलं तर कोणी कारण विचारत नाही, ही या रूढीची एक सोय आधी माझ्या लक्षात आली नव्हती.

बाबांचं नाव माझ्या ओठांवर होतं. आणि तेव्हा मला जाणवलं की ते आयुष्यात मीही कधी हाक म्हणून उच्चारलेलं नाही. अर्जांत लिहिलं, कोणी विचारलं तर सांगितलं. हाक मारली ती बाबा म्हणून. त्या नावाने त्यांना बोलावणारं माणूस एकच होतं, आणि ते पन्नास वर्षांपूर्वी मागावरून उठलं होतं.

“रियान,” मी कानात म्हटलं. “रियान. रियान.” ऐकायला अगदीच हलकं होतं ते, थर्माकोलसारखं. मी तिन्ही वेळा नीट म्हटलं.

मग उभी राहून मोठ्याने सांगितलं. वैभवने दोरी ओढायची विसरून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतली कृतज्ञता मला सहन झाली नाही. मी त्याच्यासाठी काही केलेलं नव्हतं. भूपेशने मोबाइल खाली घेतला. “ताई,” तो म्हणाला, “बाहेर फ्लेक्स लागला आहे ना वं.” शोभाआत्या शेजारणीला विचारत होती की काय म्हनलं, काय म्हनलं, आणि शेजारीण सांगत होती की रेहान, आणि तिसरी म्हणत होती की मुसलमानाचं आहे का. काजलने तेवढ्यात घोषणा केली की तिला हे नाव आधीपासूनच आवडत होतं. दोन्ही पक्ष आता मिळून माझ्यावर नाराज होते, वैभवचा कारण मी आधीच हो म्हणायला हवं होतं, भूपेशचा कारण उघड होतं. आमच्या घरात अशी एकी फार वर्षांनी झाली.

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आई दारात येऊन उभी होती. उंबरठ्याच्या आतच. मध्ये पंधरा-वीस बायका, खुर्च्या, माळा, मोबाइलवरचं गाणं. तिने पदराला हात पुसले.

“रियान,” ती म्हणाली.

इतक्या गलक्यात ते तिच्या शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चौकट धरली, मान जरा वर केली, आणि पुन्हा हाक मारली. मी तिच्या पोटी जन्मले, त्रेचाळीस वर्षं तिच्याजवळ राहिले. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. खोली गप्प झाली. मयुराने गाणं बंद केलं. बाळ दचकलं, हात वर फेकले, आणि रडायला लागलं.

आईने तिसऱ्यांदा हाक मारली.